एका कागदावर दोन पानं की नऊ? आधी अक्षर मोजा, मग प्रिंट द्या

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट सरत आला की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांचे अहवाल छपाईला निघतात. १६० सदनिकांची सोसायटी आणि ३२ पानांचा अहवाल धरला तर ५,१२० पानं झाली. एका कागदावर एकच पान घेतलं तर दहा रिमांपेक्षा (एक रिम म्हणजे ५०० कागद) जास्त कागद लागतो. ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) ए-४ असेल तर त्याचं वजन २४ किलो भरतं. मग समितीतलं कोणीतरी म्हणतं, "एका कागदावर चार-चार पानं घ्या, खर्च वाचेल." खर्च वाचतोही. पण अहवाल घरी पोचतो आणि ताळेबंदाचे आकडे दिसत नाहीत म्हणून ज्येष्ठ सभासद तो बाजूला ठेवून देतात. ज्यांनी हिशोब वाचून सभेत प्रश्न विचारायचे, त्यांच्यासाठीच तो छापलेला असतो.

कागद वाचवणं आणि वाचता येणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात. त्यासाठी थोडं गणित करावं लागतं, आणि ते छपाईची आज्ञा देण्याआधी करायचं असतं.

## पान म्हणजे कागद नव्हे

बहुतेक गोंधळ शब्दांपासून सुरू होतो. फाइलमध्ये असतं ते 'पान'. रिममधून निघतो तो 'कागद', आणि त्याला दोन 'बाजू' असतात. एका बाजूवर एकापेक्षा जास्त पानं लहान करून मांडण्याला छपाईच्या भाषेत 'एन-अप' म्हणतात: दोन पानं असतील तर टू-अप, चार असतील तर फोर-अप. दोन्ही बाजूंना छापणं म्हणजे दुकानातलं 'बॅक टू बॅक'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकत्रही करता येतात. टू-अप आणि बॅक टू बॅक दोन्ही केलं तर एका कागदावर चार पानं बसतात.

दुकानदार पैसे सहसा बाजूमागे घेतो, पानामागे नाही. त्यामुळे वरच्या अहवालाचा हिशोब असा होतो: नुसतं बॅक टू बॅक केलं तर २,५६० कागद आणि १२ किलो, पण बाजू ५,१२० च राहतात. टू-अप बॅक टू बॅक केलं तर १,२८० कागद, ६ किलो आणि बाजू २,५६०. म्हणजे बॅक टू बॅकने कागद वाचतो, छपाईचा खर्च उतरतो तो एन-अपने.

## ए-४ दुमडला की काय होतं

ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. तो मधोमध दुमडला की १४८ बाय २१० चा ए-५ होतो, आणि आकार जसाच्या तसा राहतो, फक्त लहान होतो. कारण लांबी ही रुंदीच्या १.४१४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतकी ठेवलेली आहे. असा कागद कितीही वेळा अर्धा केला तरी त्याची ठेवण बदलत नाही. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ च्या एका पत्रात या प्रमाणाचा गुण सांगितला होता, आणि १९२२ साली जर्मनीत त्यावरून कागदाचं प्रमाणित माप ठरलं. आज आपण वापरतो तो ए-४ तिथून आला. टू-अपमध्ये कागदाचा इंचही वाया जात नाही, याचं श्रेय या प्रमाणाला.

आता मुख्य मुद्दा. टू-अपमध्ये पानाचं क्षेत्रफळ निम्मं होतं, पण अक्षराची उंची निम्मी होत नाही. दोन फुटी चौरस फरशीच्या जागी एक फुटी चार फरश्या बसतात. बाजू निम्मी झाली की जागा चौथाई होते. त्याच हिशोबाने जागा निम्मी झाली की बाजू ७१ टक्के उरते. झेरॉक्स मशीनवर '७१ टक्के' अशी तयार खूण असते ती यासाठीच: ए-३ वरचं ए-४ वर आणायला. उलट मोठं करायला १४१ टक्के. फोर-अपमध्ये अक्षर ५० टक्के होतं, नाइन-अपमध्ये ३३ टक्के.

## मग बारा पॉइंटाचं अक्षर किती उरतं?

अक्षराचा आकार पॉइंटात मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. बारा पॉइंटाचं अक्षर टू-अपमध्ये साडेआठ, फोर-अपमध्ये सहा आणि नाइन-अपमध्ये चार पॉइंटाचं होतं. हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, चारही बाजूंना साधारण ४ मिलिमीटर जागा सोडतो. म्हणून टू-अपमध्ये हाती ६८ टक्के लागतात, म्हणजे बाराचं अक्षर आठ पॉइंटावर येतं.

देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा लवकर बोचतं. इंग्रजी अक्षराच्या वर-खाली वेगळी चिन्हं लागत नाहीत. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. तेवढ्याच पॉइंटात मधल्या अक्षराला जागा कमी मिळते. अक्षर बारीक झालं की आधी अनुस्वार जातो, मग 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक पुसट होतो. हिशोबात त्याहून वाईट म्हणजे १ आणि ९ एकमेकांसारखे दिसू लागतात. मराठी मजकूर छापून झाल्यावर आठ पॉइंटाच्या खाली जाऊ देऊ नये, आणि आकड्यांचे तक्ते असतील तर नऊच्या खाली नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो, आणि अहवाल वाचणारे बरेचसे त्याच वयाचे असतात.

मग बाराचं आठ होणार हे ठरलेलंच का? नाही. फाइलमध्ये पानाभोवती सहसा २५ मिलिमीटरचा समास असतो. टू-अप करताना तो रिकामा समासही लहान होऊन छापला जातो, म्हणजे कोऱ्या कागदासाठीच जागा अडते. तो कापून टाकला तर मजकुराचा चौकोन १६० बाय २४७ मिलिमीटर उरतो आणि अर्ध्या कागदावर ८१ टक्क्यांनी बसतो. बाराचं अक्षर साडेनऊच्या वर राहतं. कागद तेवढाच लागतो आणि वाचणाऱ्याचा त्रास वाचतो. फाइल वर्डमध्ये असेल तर पीडीएफ करण्याआधी समास १२ मिलिमीटरवर आणा. पानांची संख्या कमी होईल, किंवा तेवढ्याच पानांत अक्षर मोठं घेता येईल.

अहवाल तुम्हीच टाइप करत असाल तर याहून चांगला मार्ग आहे. वर्डमध्ये पानाचं मापच ए-५ करा, समास १२ मिलिमीटर, अक्षर अकरा पॉइंट. मग टू-अप छापताना काहीच लहान होत नाही आणि पडद्यावर दिसलं तेच हातात येतं. 'अ‍ॅक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के असा पर्याय दिसत असेल तर तो निवडायला मात्र विसरू नका.

## सहा, आठ आणि नऊ यांचं कोडं

छपाईच्या चौकटीत बहुधा १, २, ४, ६, ९, १६ असे पर्याय दिसतात. चार बारीक वाटले आणि नऊ फारच, म्हणून माणूस मधला सहा निवडतो. इथे फसगत होते.

सहा उभी पानं आडव्या कागदावर तीन-तीनच्या दोन ओळींत बसतात. प्रत्येक पानाच्या वाट्याला आलेल्या घराची उंची १०५ मिलिमीटर येते, आणि २९७ चं १०५ करायचं तर ३५ टक्के. रुंदीला मात्र प्रत्येक घरात २५ मिलिमीटर रिकामे पडतात. आता तीच ओळ चार पानांची करा, म्हणजे एकूण आठ. उंची तीच १०५, रुंदी ७४, आणि अक्षर तेच ३५ टक्के. याचा अर्थ सहा पानं छापली काय आणि आठ छापली काय, अक्षर सारखंच. नऊ घेतली तरी ३३ टक्के, फरक डोळ्याला कळणार नाही इतका. ए-४ च्या उभ्या पानांसाठी सहाचा पर्याय वापरू नये हे माझं स्पष्ट मत आहे. दोन, चार किंवा आठ घ्यावे. यादीत आठ नसेल तर अ‍ॅडोबी रीडरमध्ये 'मल्टिपल'खाली 'कस्टम' निवडून ४ बाय २ लिहिता येतं.

प्रेझेंटेशनच्या स्लाइड्सचं गणित वेगळं, आणि वाशी-नेरुळच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना रोज लागणारं. स्लाइड आडवी असते. आताच्या स्लाइडचं प्रमाण १६ ला ९. उभ्या ए-४ वर दोन रांगा केल्या की प्रत्येकीला १०५ मिलिमीटर रुंदी मिळते, आणि त्या रुंदीला स्लाइडची उंची ५९ मिलिमीटर होते. कागदाची उंची २९७. त्यात ५९ पाच वेळा बसतात. म्हणजे नेहमीच्या सहाऐवजी त्याच आकाराच्या दहा स्लाइड्स एका बाजूवर येतात, बॅक टू बॅक केलं तर वीस. कस्टममध्ये २ बाय ५ लिहायचं, कागद उभा ठेवायचा. शेजारी टिपणं लिहायची असतील तर मात्र सहाच बऱ्या, कारण रिकामी जागा मुद्दाम हवी असते. जुन्या ४ ला ३ प्रमाणाच्या स्लाइड्स उंच असतात. त्या सहाच बसतात. गडद पार्श्वभूमीच्या स्लाइड्स आधी काळ्या-पांढऱ्या करून घ्या. नाहीतर शाई ओतली जाते आणि अक्षर त्या काळ्यात बुडतं.

## पण शाई तेवढीच जाते ना?

नाही. अक्षराची लांबी आणि रुंदी दोन्ही कमी होतात, म्हणून टू-अपमध्ये दर पानामागे शाई निम्मी आणि फोर-अपमध्ये चौथाई लागते. चार पानांची एक बाजू साधारण एका पूर्ण पानाएवढाच टोनर खाते.

## बॅक टू बॅक करताना मागचं पान उलटं का येतं?

ही सगळ्यात जास्त कागद वाया घालवणारी चूक. प्रिंटर विचारतो: 'लाँग एज' की 'शॉर्ट एज'? म्हणजे कागद कोणत्या कडेवरून उलटणार, लांब की आखूड. साधं उभं पान वहीसारखं डावीकडच्या लांब कडेवरून उलटतं, म्हणून लाँग एज. टू-अपमध्ये कागद आडवा होतो. आता तो वहीसारखा उलटायचा तर डावीकडे आखूड कड आहे, म्हणून शॉर्ट एज. तोच आडवा कागद वर क्लिप लावून भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा उलटायचा असेल तर लाँग एज. फोर-अपमध्ये कागद पुन्हा उभा होतो, म्हणून पुन्हा लाँग एज.

काही प्रिंटर आडव्या-उभ्याचा अर्थ स्वतःच्या पद्धतीने लावतात. म्हणून आधी पहिली चारच पानं छापा आणि कागद हातात उलटून बघा. १६० प्रती त्यानंतर.

घरच्या प्रिंटरला दोन्ही बाजूंची सोय नसेल तर लोक 'फक्त विषम पानं' छापून, कागद उलटून 'फक्त सम पानं' छापतात. एका बाजूवर एकच पान असेल तर हे चालतं, टू-अपला नाही. प्रिंटर आधी विषम पानं वेचतो आणि मग दोन-दोन मांडतो, त्यामुळे पुढे १ आणि ३, मागे २ आणि ४ अशी खिचडी होते. बरोबर क्रम असा: आधी १-२, ५-६, ९-१० छापायची, कागद उलटायचे, मग ३-४, ७-८, ११-१२. पानं जास्त असतील तर हे लिहिणं जिकिरीचं होतं. त्यापेक्षा टू-अप करून पीडीएफ म्हणून साठवा (क्रोममध्ये 'मोअर सेटिंग्ज'खाली 'पेजेस पर शीट' मिळतं, वर्डमध्ये छपाईच्या पडद्यावर सगळ्यात खाली). या नव्या फाइलचं प्रत्येक पान म्हणजे कागदाची एक बाजू, त्यामुळे तिची विषम-सम छपाई बिनचूक होते. एवढी काळजी घ्या की ही फाइल छापताना पुन्हा टू-अप किंवा 'फिट' लावायचं नाही. दोनदा लहान झालेल्या प्रती याच चुकीने निघतात.

## पुस्तिकेत ८ च्या शेजारी १ का?

टू-अपचे कागद मधोमध दुमडून पिना मारल्या की ए-५ ची पुस्तिका होते, आणि ३२ पानांचा अहवाल फक्त आठ कागदांत मावतो. पण त्यासाठी पानं सरळ क्रमाने मांडून चालत नाही. कोणत्याही मासिकाची मधली पिन काढून बाहेरचा कागद बघा: त्यावर पहिलं आणि शेवटचं पान शेजारी असतं. आठ पानांच्या पुस्तिकेत पहिल्या कागदावर पुढे ८ आणि १, मागे २ आणि ७. दुसऱ्या कागदावर पुढे ६ आणि ३, मागे ४ आणि ५. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त, इथे नऊ. छापखान्यात सोळा पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर छापून दुमडायचा पानांचा संच) लावताना हीच मांडणी मोठ्या कागदावर करतात.

ही बेरीज हाताने करायची गरज नाही. रीडरमध्ये 'बुकलेट' निवडलं की ती आपोआप होते. दोन गोष्टी आपल्याकडे राहतात. पानांची संख्या चारच्या पटीत हवी. ३० पानं असतील तर दोन कोरी शेवटी जातात, त्यापेक्षा ती सभासदांच्या सूचनांसाठी आखून द्यावी. आणि दुमडलेले कागद जास्त झाले की आतला कागद बाहेर सरकतो. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर आठ कागदांत मिलिमीटरभरही सरक येत नाही. वीस कागदांत, म्हणजे ८० पानांत, ती दोन मिलिमीटर होते आणि कड कापायची तर आतल्या पानांचा समास अरुंद होतो. तेवढं मोठं काम स्पायरलला द्यावं. साध्या स्टेपलरचा हात कागदाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. बाइंडिंगवाल्याकडे लांब हाताचा असतो.

स्पायरल करायचं असेल तर टू-अपचे कागद कटरने मधोमध कापून ए-५ चे गठ्ठे करतात. पुष्कळ प्रती असतील तेव्हा त्यासाठी सोपी युक्ती आहे: पुढच्या बाजूला १ आणि १, मागच्या बाजूला २ आणि २, पुढच्या कागदावर ३-३, ४-४. कापलं की दोन सारख्या प्रती तयार, क्रम चुकायचा प्रश्नच नाही. भोकं पडतील त्या कडेला १२ ते १५ मिलिमीटर समास सोडा.

## कुठे हे करूच नये

ठाण्यात कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरला न्यायालयाच्या कामासाठी छपाई करत असाल तर एन-अप विसरा. न्यायालयांत अक्षराचा आकार आणि समास ठरवून दिलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून ए-४ च्या दोन्ही बाजूंची छपाई स्वीकारली, पण अक्षर चौदा पॉइंटाचं आणि ओळींत दीडपट अंतर. तिथे बॅक टू बॅक आहे, बारीक करणं नाही. क्यूआर कोड असलेले दाखले, इमारतीचे नकाशे आणि प्रमाणावर काढलेली कोणतीही आकृती लहान केली की निरुपयोगी होते. 'आधारच्या दोन्ही बाजू एका पानावर' हे वेगळं काम. त्यात कार्ड मूळ मापातच राहतं आणि मशीनवर त्यासाठी 'आयडी कॉपी' असतं.

मोबाइलवर फोटो काढून केलेल्या पीडीएफलाही जपा. फोटोतली राखाडी सावली आणि अस्पष्ट कडा लहान केल्यावर जास्तच खराब दिसतात. अ‍ॅपमध्ये ती आधी काळी-पांढरी करा आणि टू-अपच्या पुढे जाऊ नका.

## दुकानात काय न्यायचं, काय सांगायचं

वर्डची फाइल नेऊ नका. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल आणि दुकानातल्या संगणकात तो फाँट नसेल, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. पीडीएफमध्ये फाँट फाइलसोबतच जातो. छपाईच्या चौकटीत कागद 'लेटर' नाही तर 'ए-४' निवडलेला आहे ना, तेही बघा. लेटरचं माप २१६ बाय २७९, ते दुमडल्यावर ठेवण बदलते आणि कडेला विनाकारण पट्टा सुटतो.

काउंटरवर "लहान करून द्या" एवढंच म्हटलं तर समोरचा त्याच्या अंदाजाने करणार. घरूनच टू-अपची पीडीएफ करून नेलेली बरी, मग सांगायचं एवढंच: "दादा, ए-४, आडवा, बॅक टू बॅक, शॉर्ट एज, शंभर टक्के. आधी एकच प्रत काढा." ती एक प्रत दुमडून पानांचे क्रमांक तपासा, पट्टीने समास मोजा, आणि समितीतल्या सगळ्यात वयस्कर सभासदाला ट्यूबलाइटखाली ताळेबंदाची एक ओळ वाचायला द्या. आकडे न अडखळता वाचले गेले तर उरलेल्या १५९ प्रती सुरू करायला सांगा.